आपल्या बांधावरचा साग



कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. देवळाशेजारीच डोंगरात कोरलेले मोठे चैत्यगृह आहे. त्यात उभे राहून मान वर केली, की दगडी छताला लागून लाकडी कमानी ओळीने बसवलेल्या दिसतात. त्या सागवानी आहेत आणि त्यांना सुमारे दोन हजार वर्षे झाली. डोंगर कोरणारे कारागीर गेले, राज्ये आली आणि गेली. कमानी मात्र जागच्या जागी आहेत.

आता दुसरे चित्र पाहा. कोणी हौसेने नवे घर बांधतो. स्वतःच्या बांधावरचा साग तोडून त्याच्या चौकटी करतो. दोन पावसाळे होतात न होतात तोच चौकटीतून भुसा गळू लागतो. बोट टेकवावे तर आत पोकळ! वाळवीने डाव साधलेला असतो. घरधनी म्हणतो, "सुतारानं फसवलं." सुतार म्हणतो, "झाडच तसलं." शेजारी म्हणतो, "हल्लीचा साग पूर्वीसारखा राहिला नाही."

मंडळी, झाड तेच आणि जातही तीच. मग एक लाकूड दोन हजार वर्षे टिकते आणि दुसरे दोन वर्षांत का खचते? या एका प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू. ते उत्तर झाडाच्या पोटात आहे. पण पोटात शिरण्यापूर्वी झाडाची बाहेरून नीट ओळख करून घेऊ. शाळेतील गुरुजी आणि बाई ऐकत असतील, त्यांनी हा भाग मुलांना प्रत्यक्ष झाडाखाली नेऊन दाखवावा.

सागाचे शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. ग्रँडिस म्हणजे भव्य. संस्कृतात त्याला शाक म्हणतात. इंग्रजीतला टीक हा शब्द मात्र मलयाळममधील 'तेक्कु'वरून गेला आहे. जगात हे झाड आपणहून उगवते ते फक्त चार देशांत: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. बाकी सगळीकडे ते माणसाने नेऊन लावले. आपल्याकडे मेळघाट, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली येथपासून ठाणे-पालघरच्या जंगलांपर्यंत ते मूळचे आहे. गडचिरोलीत आलापल्लीजवळ जुन्या, उंच सागांचा एक तुकडा राखून ठेवला आहे. त्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा मान मिळाला. साग पूर्ण वयात कसा दिसतो, हे पाहायचे असेल तर तेथे जावे.

सागाचे कूळ कोणते, असे विचारले तर जुनी पुस्तके निर्गुडीचे नाव घेतील. नव्या अभ्यासाने मात्र साग, शिवण आणि निर्गुडी यांना तुळशीच्या कुळात बसवले आहे. ऐकून हसू येईल. अंगणातली हातभर तुळस कुठे आणि शंभर फूट उंचीचा साग कुठे! पण एक कोवळी फांदी हातात घ्या आणि बोटांत फिरवून पाहा. ती गोल लागत नाही, चौकोनी लागते. तुळशीची कोवळी काडीही तशीच चौकोनी. पाने पाहा, दोघांचीही समोरासमोर जोडीने येतात आणि एका जोडीवर दुसरी आडवी बसते. माणसांत जसे नाकावरून घराणे ओळखतात, तसेच हे आहे.

सागाचे पान ओळखायला तर मुलांना शिकवावेच लागत नाही. हातभर लांब, वरून खरखरीत, खालून लवदार. रोपट्याची आणि खोडाच्या फुटव्याची पाने त्याहूनही मोठी. कोवळे पान तळहातावर चोळले, की हात लाल होतो. मेंदी लावल्यासारखा लाल हात करून घरी गेलेली मुले आपण पाहिली आहेत. कदाचित आपणही त्यांतलेच! पानाच्या खालच्या बाजूला लाल रंगाचे बारीक ठिपके असतात, त्यांची ही करामत.

आता सागाचे वर्ष कसे जाते ते पाहू. थंडी सरता सरता त्याची पाने झडू लागतात आणि उन्हाळ्यात तो बोडका उभा राहतो. एवढाली पाने अंगावर ठेवली तर त्यांतून पाणी उडून जाईल आणि मुळांना तेवढे पाणी पुरवता येणार नाही. म्हणून तो खर्चच बंद करतो! दुष्काळात शहाणा संसारी माणूस जे करतो, तेच हे. पाऊस तोंडावर आला, की पुन्हा पालवी फुटते.

पावसाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस कधी कधी सगळा साग करपल्यासारखा तपकिरी दिसतो. पानांची नुसती जाळी उरलेली असते, जणू चाळणीच. शेतकरी घाबरतो, झाड गेले म्हणतो. झाड जात नाही. दोन प्रकारच्या पतंगांच्या अळ्या हे काम करतात. एक अख्खे पान फस्त करते, दुसरी शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. पाने पुन्हा येतात. मात्र त्या वर्षीची वाढ तेवढी कमी होते. तेव्हा करपलेला साग पाहून लगेच कुऱ्हाड उचलू नये.

फुले येतात तीही पावसाळ्यात. पांढुरकी, इवलीशी, पाकळ्या बहुधा सहा. एकेका तुऱ्यात हजारो फुले. पण शेकडा एखाद-दुसऱ्या फुलाचेच फळ होते. येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सागाचा फुलोरा फांदीच्या बगलेत न येता थेट शेंड्याला येतो. मुख्य शेंडा फुलला, की त्याची सरळ वाढ तेथेच थांबते आणि खालच्या दोन डोळ्यांतून दोन फांद्या निघतात. झाडाला फाटा फुटतो. म्हणून जो साग लहानपणी फुलावर येतो त्याचे सरळ खोड आखूड राहते आणि जो उशिरा फुलतो त्याचे लांब मिळते. बी गोळा करायचे ते अशा उंच, सरळ, उशिरा फाटलेल्या झाडाखालचे. हाताला लागले म्हणून बुटक्या झाडाचे बी घेऊ नये.

फळाभोवती रसभरीला असते तशी कागदी पिशवी असते. आत लवदार साल आणि तिच्या आत दगडासारखी कठीण आठळी. आठळीत चार कप्पे. पण चारही कप्प्यांत बी क्वचितच भरते. ही आठळी लवकर उगवत नाही. इ. स. १८४० नंतर मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलांबूर येथे सागाची लागवड करायचे मनावर घेतले, तेव्हा बी उगवेना म्हणून सगळे हात टेकून बसले होते. चातू मेनन नावाच्या त्यांच्या एका अधिकाऱ्याने धीर न सोडता तो प्रश्न सोडवला आणि नदीकाठी लाखो रोपे उभी केली. जगातली सागाची पहिली मोठी लागवड ती. तिच्यातील काही झाडे आजही केरळात निलांबूरला उभी आहेत. आज रोपवाटिकेत फळे आलटून पालटून भिजवतात आणि उन्हात वाळवतात. मग ती बऱ्यापैकी उगवतात.

शेतात मात्र बी न पेरता जडी लावावी. एक वर्षाचे रोप उपटायचे. वर दोन-तीन सेंटिमीटर खोड आणि खाली वीतभर सोटमूळ एवढे ठेवून बाकी छाटायचे. ही झाली सागजडी. पहिला चांगला पाऊस पडला, की पहारीने भोक पाडून ती लावायची आणि माती घट्ट दाबायची. ही काडी जगते कशी? जंगलात वणवा लागला, की सागाचे रोप वरून जळून जाते. पण मुळात अन्नाचा साठा असतो, त्यावर ते पुन्हा फुटते. वणव्याशी लढता लढता सागाने शिकलेली ही विद्या माणसाने लागवडीला वापरली, एवढेच.

मंडळी, आता झाडाच्या पोटात शिरू.

वखारीत गेलात तर कापलेल्या ओंडक्याचे तोंड पाहा. बाहेर साल. तिच्या आत पांढुरका, फिकट पट्टा. त्याच्या आत सोनेरी तपकिरी गोल. पांढऱ्या भागाला शास्त्रात रसकाष्ठ म्हणतात आणि आतल्या भागाला मध्यकाष्ठ. सुतार आतल्या भागाला नार किंवा गाभा म्हणतो. आपणही तेच म्हणू.

पांढरे लाकूड हा झाडाचा जिवंत भाग. मुळांनी घेतलेले पाणी याच भागातील नळ्यांतून शेंड्यापर्यंत चढते आणि झाडाची साखर-पिठाची शिदोरीही याच भागात असते. वाळवीला आणि भुंगेऱ्यांना दुसरे काय हवे? ताटच वाढलेले!

दरवर्षी खोडाला बाहेरून नवा थर चढतो आणि आतला जुना थर कामातून निवृत्त होतो. निवृत्त होताना तो काय करतो? त्याच्या नळ्या फुगवट्यांनी बुजून जातात, शिदोरी संपते आणि तेथे तेलकट, रंगीत द्रव्ये साठतात. त्यांतली काही वाळवीला आणि बुरशीला विषासारखी असतात. अशा रीतीने गाभा तयार होतो. म्हणजे गंमत पाहा, झाडाचा जो भाग मेला, तोच सर्वांत अधिक टिकतो!

पांढरे लाकूड पाणी वाहते याचा पुरावा म्यानमारच्या जंगलात मिळे. ओला साग पाण्यावर तरंगत नाही. म्हणून तेथे तोडणीपूर्वी दोन-तीन वर्षे बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत खोल खाच घेत. पांढरा पट्टा तुटला, की शेंड्याचे पाणी बंद. झाड उभ्या-उभ्या वाळे आणि मग त्याचे ओंडके नदीत सोडले तर तरंगत जात.

सागाची आणखी एक खूण म्हणजे वर्षांची वलये. कोरड्या ऋतूत वाढ थांबते. पावसाबरोबर ती पुन्हा सुरू होते, तेव्हा आधी मोठ्या तोंडाच्या नळ्या बनतात. त्यामुळे दर वर्षाची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. मुलांना एखादा ओंडका दाखवून वलये मोजायला लावा. आपल्या जन्मसालाचे वलय कोणते, हे सापडले की त्यांना किती आनंद होतो पाहा.

या गाभ्याची कीर्ती मोठी आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागाची ट्रिंकोमाली नावाची युद्धनौका बांधली आणि १८१७ साली ती पाण्यात सोडली. दोनशे वर्षे उलटून गेली; इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ती आजही पाण्यावर तरंगते आहे. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते तितके गंजत नाहीत. जहाज बांधणाऱ्यांना त्याचे मोल कळे. सुताराची एक तक्रार मात्र खरी. सागात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, त्यामुळे करवतीची धार लवकर जाते.

आता आपल्या कोड्याकडे वळू. कार्ल्याच्या कमानी टिकल्या, कारण त्या गाभ्याच्या. चौकट खचली, कारण तिच्यात पांढरे लाकूड होते. झाड वाईट नव्हते, लहान होते.

गुरुजी, आता फळ्यावर एक गणित मांडा. समजा, छातीच्या उंचीवर एका सागाचा घेर ६३ सेंटिमीटर आहे. म्हणजे सुमारे दोन फूट. साल सोडून द्या. त्रिज्या झाली १० सेंटिमीटर. पांढऱ्या पट्ट्याची जाडी ४ सेंटिमीटर धरा. म्हणजे गाभ्याची त्रिज्या ६. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दहा दाहे शंभर, सहा साहे छत्तीस. शंभर भागांत गाभा फक्त ३६ आणि पांढरे ६४.

आता त्याच झाडाचा घेर वाढून दुप्पट, १२६ सेंटिमीटर झाला. त्रिज्या २०. पांढरा पट्टा तेवढाच, ४ सेंटिमीटर धरला तर गाभ्याची त्रिज्या १६. वीस विसे चारशे, सोळा सोळे दोनशे छप्पन्न. चारशेत २५६ गाभा. घेर दुप्पट झाला, पण गाभा ३६ वरून २५६ वर गेला. सातपट झाला की हो! प्रत्येक झाडात पट्ट्याची जाडी थोडी निराळी असेल, आकडे थोडे हलतील. पण हिशेबाचा कल हाच राहील.

हे गणित मी मुद्दाम सांगतो आहे. घरात लग्न निघते किंवा दवाखान्याचा खर्च उभा राहतो. नेमका त्याच वेळी बांधावर कोणी व्यापारी येतो आणि म्हणतो, "सगळी झाडं उक्ती द्या, आत्ता रोख देतो." गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. मला ते पटत नाही. गरजवंताला अक्कल असते, हाताशी आकडा नसतो. दोन फूट घेराचा साग विकणे म्हणजे सातपट गाभ्याची आशा एका सरपणाच्या मोळीबरोबर देऊन टाकणे. विकायचेच असेल तर सगळी रांग विकू नका. घेर मोजा. वाकडी, फाटलेली, दबलेली झाडे आधी काढा. सरळ आणि जोमदार राखा. तसेही दाट लावलेल्या सागाची विरळणी करावीच लागते, नाही तर सगळीच झाडे काठीसारखी राहतात. साग उन्हाचा भुकेला आहे, सावलीत तो वाढत नाही. विरळणीच्या कोवळ्या वाशांचा उपयोग मांडवाला, गोठ्याला करावा. कोरड्या जागी वापरायचे असतील तर बोरॅक्स-बोरिकच्या द्रावणात मुरवावेत. तोडलेल्या सागाच्या खोडाला पुन्हा फुटवे येतात. त्यांतला एक जोमदार ठेवला तर नवी जडी लावायलाही नको.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. साग म्हणजे झटपट श्रीमंतीचे झाड, असे सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. १९९० नंतरच्या दशकात सागाच्या नावावर पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांचे देशभर पेव फुटले होते. आज थोडे भरा, वीस वर्षांनी लाखो घ्या, असा त्यांचा प्रचार. त्यांतल्या कित्येक बुडाल्या आणि निवृत्त मास्तरांपासून शेतकऱ्यांपर्यंत अनेकांची पुंजी गेली. १९९९ मध्ये सेबीने अशा योजनांसाठी नियम केले, ते या अनुभवानंतर. जाहिरातीतला साग वीस वर्षांत म्हातारा होत असे, बांधावरचा होत नाही. आपल्या सरकारी जंगलांत साग साधारण पन्नास ते ऐंशी वर्षे वाढू देतात. चांगल्या जमिनीत, पाणी-खत देऊन तो लवकर जाड होतो, हे खरे. लवकर वाढला म्हणून तो कमजोर असतोच असेही नाही. पण गाभा पुरेसा भरला का, हे पाहूनच भाव ठरतो.

लावताना जमीन पाहा. सागाला खोल, निचऱ्याची, चुन्याचा अंश असलेली जमीन मानवते. पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत किंवा कातळावरच्या वीतभर मातीत तो खुरटतो. तेथे हट्ट करू नये, दुसरे झाड लावावे. आणि लावलेल्या झाडांची सातबाऱ्यावर नोंद करून घ्यावी. १९६४ च्या झाडे तोडण्याविषयीच्या कायद्यात सागाचे नाव आहे. स्वतःच्या शेतातला असला तरी तो परवानगीवाचून तोडता येत नाही आणि माल हलवायला वाहतुकीचा परवाना लागतो. नोंद नसली, की ऐन गरजेच्या वेळी हेलपाटे पडतात आणि व्यापारी त्याचाच फायदा घेऊन भाव पाडतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या सागासारख्या लाकडांचा विचार आहे. जंगलातले झाडसुद्धा परवानगीने तोडावे आणि रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, अशी त्याची दृष्टी. तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला आरमाराची घाई होती. तरी त्याने झाडाचे वय विसरू दिले नाही. आपली घाई त्याहून मोठी आहे काय?

शेवटी गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. शाळेजवळचा एखादा साग निवडा. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाले, की पाचवीच्या मुलांकडून दोरीने त्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून घ्या आणि शाळेच्या वहीत तारखेसह लिहा. मुले दहावी होऊन जातील, तुमची बदली होईल, वही मात्र राहील. पुढे त्याच मुलांपैकी कोणी आपल्या बांधावर व्यापाऱ्यासमोर उभा असेल, तेव्हा तो आधी घरात जाईल आणि दोरी घेऊन येईल. एवढे झाले तरी या भाषणाचे सार्थक झाले, असे मी समजेन.

नमस्कार.